लातूर सोपे, सोलापूर अवघड

‘लातूर’ हे नाव जाड टायपात कागदावर छापून घ्या आणि जेवढे काळे दिसते तेवढे ब्लेडने कापून काढा. बाकीचा पांढरा कागद अखंड राहतो, एक तुकडाही सुटत नाही. आता तेच ‘सोलापूर’चे करा. कागद उचलला की पांढरे दोन तुकडे टेबलावरच राहून जातात. एक ‘स’च्या पोटातला, दुसरा ‘प’च्या. ते नसले तर रंग मारल्यावर टी-शर्टावर ‘स’ आणि ‘प’ असे उमटतच नाहीत, नुसते ठोकळे उमटतात.

घरी कापलेल्या साच्याने टी-शर्टावर नाव रंगवायचे, तर सगळे कौशल्य या तुटक्या बेटांत आहे. इंग्रजीत ए, बी, डी, ओ अशा मोजक्या अक्षरांना बेटे असतात. आपल्याकडे मात्र शिरोरेषा त्यांत भर घालते. ‘प’ची वाटी वरून उघडीच असती, पण रेघ आली आणि झाकण बसले. ‘म’, ‘ष’, ‘ण’ यांचेही तेच. ‘ब’च्या पोटातून तिरकी रेघ जाते म्हणून तिथे एकाची दोन बेटे होतात, ‘ळ’च्या दोन गोलांत दोन. आयुष्यभर वाचलेली अक्षरे कापायला घेतली की अशी नव्याने दिसू लागतात, आणि मला तरी हा या कामातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

बेट वाचवायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पूल. अक्षराच्या रेघेत दोन-तीन मिलिमीटरची पट्टी न कापता ठेवायची, म्हणजे बेट बाहेरच्या कागदाला धरून राहते. पोत्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के पत्र्याच्या साच्यातून मारतात, त्या अक्षरांतल्या फटी म्हणजे हेच पूल. पण देवनागरीत पूल कुठे ठेवायचा याला फार जपावे लागते. ‘म’चे बेट टिकवायला वरची शिरोरेषा तोडली, तर डोळ्याला ‘भ’चा भास होतो आणि ‘मंडळ’चे ‘भंडळ’ होऊ पाहते. ‘घ’ची तोडली तर ‘ध’. म्हणून ‘म’ला पूल ठेवायचा तो खालच्या आडव्या रेघेत, दांडीला लागून. ‘प’लाही तिथेच, वाटी दांडीला मिळते त्या जागी. शिरोरेषा तोडायची ती दोन अक्षरांच्या मध्ये. तिथे तोडली तर वाचताना अडत नाही, आणि लांबच लांब फटीमुळे साचा लुळा पडून रंग आत शिरण्याची भीतीही जाते.

साच्यासाठी जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ती पातळ प्लास्टिकची असते, पाणी पीत नाही, पुसून पुन्हा पुन्हा वापरता येते. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘बलू’ हा जाडजूड, गोलसर फॉन्ट मोफत मिळतो. झेरॉक्सच्या दुकानात त्यातून मोठी प्रिंट काढा, फिल्मवर चिकटवा, खाली काच ठेवा आणि कटरला नवे पाते लावा. आधी आतली बारीक जागा कापायची, मग बाहेरची, कारण उलट केले तर ढिली झालेली फिल्म पात्याबरोबर ओढली जाते. वळणावर हात वळवू नका, फिल्म फिरवा.

पूल नकोच असतील तर गाडीवर नावे चिकटवणारा रेडियमवाला गाठा. त्याच्या मशीनवर कापलेल्या स्टिकरमध्ये बेटे मागच्या कागदाला चिकटूनच असतात. वरून चिकटटेप लावून सगळे एकदम उचलायचे आणि कापडावर बसवायचे, की प्रत्येक बेट आपापल्या जागी. असा साचा मात्र एकदाच कामाला येतो.

जपानी कारागिरांनी यावर काढलेला तोड पाहिला की थक्क व्हायला होते. किमोनोचे कापड छापण्यासाठी ते तुतीच्या सालीचे कागद कच्च्या पर्सिमन फळाच्या रसाने एकावर एक चिकटवून साचे कापत, आणि नाजूक बेटे जागेवर राहावीत म्हणून रेशमाच्या तंतूंची जाळी त्यांत बसवत. तंतू इतके बारीक की कापडावर त्यांची खूणही उरत नसे. पुढे इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी कापडातून छपाईचे पेटंट घेतले. आजचे स्क्रीन प्रिंटिंगही याच तत्त्वावर चालते. अख्खी चौकट जाळीची, म्हणून बेट कुठेही असले तरी अधांतरी राहत नाही.

भोकांतून आकृती उमटवण्याची कल्पना सोलापूरला तर परकी नाहीच. इथली चादर ज्या जकार्डवर घडली, त्यात पुठ्ठ्याची भोके पाडलेली पाने असतात. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये लिऑनच्या जोसेफ मारी जकार्ड यांचे हे यंत्र १८०४ चे. आपल्या साच्यातल्या भोकातून रंग जातो, तिथे भोकामुळे धागा उठतो. चादरीवरची फुले, मोर आणि काठावर विणलेले नाव, सगळे त्या भोकांतूनच आलेले.

आता रंग. टी-शर्टाची होजियरी विणलेल्या फासांची असते, ताणली जाते आणि धाग्यांच्या मधल्या बारीक जागांतून ओल खेचून घेते. कडा फुटतात त्या यामुळेच. म्हणून टी-शर्ट आधी धुवून त्याची खळ काढा, आत जाड पुठ्ठा घाला, साचा टेपने पक्का करा. फॅब्रिक कलरमध्ये पाणी घालू नका. स्पंजला थोडासा रंग घेऊन तो आधी रद्दी कागदावर टिपा आणि जवळजवळ कोरडा झालेला स्पंज कापडावर वरून खाली दाबत जा, घासू नका. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले. या रंगात ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण असतात. पाणी उडाले की ते एकमेकांत मिसळून धाग्याभोवती पापुद्रा धरतात आणि उष्णतेने तो आणखी घट्ट होतो. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने, वाफ न सोडता इस्त्री फिरवायची.

शेकडो टी-शर्ट असतील तर स्क्रीनच परवडते, कारण तिचा तयारीचा खर्च वाटला जातो. पण गल्लीतल्या लेझीम पथकाचे दहा-वीसच टी-शर्ट असतील तर फिल्म, कटर आणि रंगाच्या दोन बाटल्या पुरतात. तेव्हा येत्या गणपतीआधी मुलांना सोबत घेऊन बसा. ब्लेड मोठ्यांनीच धरावे, स्पंज मुलांच्या हातात द्यावा, आणि ‘मंडळ’मधली बेटे त्यांनाच शोधू द्यावीत.