दोन अणूंमधला ऊर्जेचा खळगा

दोन अणू एकमेकांपासून फार दूर असले की त्यांच्यात ओढ जवळजवळ नसते. ते जवळ येऊ लागले की एकूण ऊर्जा उतरत जाते, ठरावीक अंतरावर तळ गाठते, आणि त्याहून जवळ रेटल्यास झपाट्याने वर चढते. अंतराप्रमाणे बदलणाऱ्या या ऊर्जेचा आलेख म्हणजे द्विअणुक रेणूचा स्थितिज ऊर्जा-वक्र. हायड्रोजनच्या वक्राचा तळ ०.७४ अँगस्ट्रॉम अंतरावर असून त्याची खोली ४.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. अणुकेंद्रांच्या मानाने इलेक्ट्रॉन अतिशय हलके असल्यामुळेच असा वक्र काढता येतो. केंद्रे जागच्या जागी धरून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची, केंद्रे जरा सरकवून ती पुन्हा काढायची, ही बॉर्न व ओपेनहायमर यांची १९२७ सालची रीत.

त्याच वर्षी झुरिचमध्ये वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजनचा रेणू का टिकतो हे पुंजयामिकीने प्रथम दाखवले. त्यांच्या पद्धतीने सर्व समाकल काटेकोर काढले तरी खोली सुमारे ३.१५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरते आणि अंतर ०.८७ अँगस्ट्रॉम येते. आकडे कमी पडले, तरी बंधाचे मूळ कारण सापडले होते, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही कमाई फार मोठी आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले हाइटलर ब्रिस्टलमार्गे १९४१ साली डब्लिनला आले. आयर्लंडचे तत्कालीन पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने १९४० साली स्थापन झालेल्या डब्लिन इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीजमध्ये एर्विन श्रोडिंगर आधीच रुजू झाले होते. युद्धकाळात तटस्थ राहिलेल्या या छोट्या देशात पुंजयामिकीचे दोन आद्य कारागीर एकाच संस्थेत काम करत होते.

वक्र हाती आला की त्यातली कंपने शोधायची. तळाजवळ वक्र परवलयासारखा दिसतो, म्हणून ऊर्जापातळ्या तिथे जवळपास समान अंतरावर असतात. वर जाताना खळगा रुंदावतो आणि पातळ्या दाटत जातात. हे दाटणे पकडणारे सुटसुटीत सूत्र फिलिप मॉर्स यांनी १९२९ साली दिले. त्यात खोली, रुंदी आणि समतोल अंतर एवढ्या तीनच राशी असून पातळ्या अचूक सोडवता येतात. १९४० साली रॉयल आयरिश अॅकॅडमीच्या कार्यवृत्तात श्रोडिंगर यांनी अवयव पाडून ऊर्जापातळ्या काढण्याची पद्धत मांडली. या पद्धतीत अवकल समीकरणाशी झगडावे लागत नाही. एका पातळीवरून दुसरीवर नेणारे कारक मिळतात. पुढे इन्फेल्ड व हल यांनी १९५१ साली तिचा विस्तार केला, आणि मॉर्सचा वक्रही तिच्या कक्षेत आला.

मॉर्सचे सूत्र कुठे फसते हे हायड्रोजनवरच तपासता येते. वर्णपटातून कंपनांक ४४०१ प्रति सेंटिमीटर आणि दाटण्याचा गुणांक १२१.३ मिळतो. पहिल्याचा वर्ग करून दुसऱ्याच्या चौपटीने भागले की खोली ४.९५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, म्हणजे खरीपेक्षा जास्त. पातळ्या भरतात १८. प्रत्यक्षात त्या १५ आहेत. तळाकडच्या माहितीवरून वरच्या काठाचा अंदाज बांधला की अशी चूक होणारच. अणू दूर गेल्यावर त्यांच्यातली ओढीची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते, तर मॉर्सचा वक्र घातांकी वेगाने सपाट होतो. मूलभूत मॉडेल म्हणून त्याची योग्यता मोठी आहे, पण विघटनाच्या काठावर त्याच्यावर विसंबू नये.

सगळीच कंपने अवरक्त वर्णपटात दिसत नाहीत. आयर्लंडच्या काउंटी कार्लोमधल्या लेलिनब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांना १८५९ पासूनच्या प्रयोगांत आढळले की ऑक्सिजन, नायट्रोजन व हायड्रोजन उष्णतेची किरणे जवळपास शोषतच नाहीत. सारख्या दोन अणूंच्या रेणूत कंपनाने विद्युत द्विध्रुव निर्माण होत नाही, हे त्यामागचे कारण पुंजयामिकीने नंतर स्पष्ट केले. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तो निर्माण होतो, म्हणून त्याचा २१४३ प्रति सेंटिमीटरभोवतीचा पट्टा ठळक दिसतो.

आज अंतराची बारीक जाळी आखून संगणकाने तरंग-समीकरण सोडवतात. परिभ्रमणासाठी वक्रात केंद्रोत्सारी पद मिळवतात. गणित प्रयोगाच्या पुढे गेल्याचा दाखलाही हायड्रोजनचाच आहे. १९६८ साली कोलोस व वोल्निएविच यांनी काढलेली विघटन ऊर्जा वर्णपटशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांच्या मोजणीशी जुळेना. फरक सुमारे चार प्रति सेंटिमीटरचा होता. हर्झबर्ग यांनी नव्याने मोजणी केली, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा गणिताच्या बाजूने गेला.