स्कूटरची नाडीपरीक्षा

मराठीत अनुकरणवाचक शब्दांचे भांडार मोठे आहे. खडखड, ठकठक, घरघर, फटफट हे शब्द वर्गात शिकविताना मुले हसतात. परंतु ज्याच्या दारात टू-स्ट्रोकची जुनी स्कूटर उभी आहे, त्याला हे शब्द व्याकरणाचे न वाटता प्रकृतीचे वाटू लागतात. वैद्याला वात, पित्त आणि कफ यांतला भेद कळावा लागतो, तसा स्कूटर बाळगणाऱ्याला खडखडीतला आणि ठकठकीतला. तो कळला तर पैसे वाचतात. न कळला तर चांगले इंजिन भंगारात जाते.

आमच्या शहराचे आणि दुचाकीचे नाते जुने आहे. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन. १९८५ साली वाळूजला कारखाना उभा राहिला. पुढे एक मूल उभे, मागे सौभाग्यवती एका अंगाने बसलेल्या, त्यांच्या मांडीवर दुसरे मूल आणि आकड्याला भाजीची पिशवी, असा अख्खा संसार एका स्कूटरवर चालला. पुढे ती जात मागे पडली. २०२० साली ‘चेतक’ पुन्हा आली ती विजेवर चालणारी. तिला चोकही नाही आणि खडखडही नाही.

आमच्या घरची स्कूटर मात्र जुन्या जातकुळीतली, वडिलांच्या हातची. ती कोणत्या कंपनीची हे सांगण्यात अर्थ नाही. उतारवयातली दुखणी सगळ्यांची सारखीच असतात. मागच्या हिवाळ्यात तिच्या नोंदणीची मुदत संपत आली. आणखी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे की तिला निरोप द्यावा, असा प्रश्न पडला. नेमकी त्याच वेळी ती सकाळी चालू होईना आणि चालू झाली की खडखड करी. एका मिस्त्रीने लांबूनच निदान केले, “बोअर गेलाय. एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात घाला.” वडिलांची स्कूटर लांबून पाहून भंगारात घालणे काही मला जमेना. म्हणून चिकलठाण्यातल्याच एका वृद्ध उस्तादाकडे ती ढकलत नेली.

थंडीची थोडी फिर्याद खरीच असते. शहराच्या तापमानाचे आकडे चिकलठाण्याच्या वेधशाळेतून येतात, आणि काही हिवाळ्यांत ते दहा अंशांच्या खाली उतरतात. गारठ्यात पेट्रोलची वाफ कमी होते. हवेत मिसळायला हवे तेवढे पेट्रोल मिसळत नाही. चोक ओढला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होते. स्कूटर तिरकी करून किक मारण्याचा आपला घरगुती मंत्रही त्याच जातीचा. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल हलते आणि चार थेंब जास्त पुढे सरकतात, एवढेच.

पण चोकनेही भागत नसेल, तर उस्तादाच्या पद्धतीने चालावे. आधी प्लग काढून पाहावा. कोरडा निघाला तर पेट्रोलच पोचत नाही: कॉक, नळी आणि जेट तपासावेत. ओला निघाला तर पेट्रोल येते, पण पेटत नाही. मग प्लग टोपीत घालून, उघड्या पेट्रोलपासून दूर, इंजिनच्या धातूला टेकवून किक मारावी. ठिणगी निळी आणि ठसठशीत हवी. पिवळी व मरतुकडी असेल तर प्लग, पॉइंट किंवा कंडेन्सर यांकडे वळावे. प्लगचा रंगही बोलतो. बदामी म्हणजे प्रकृती उत्तम, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडते, काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त होते.

आमचा प्लग काळा आणि तेलकट निघाला. पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिलिलिटर ऑइल मोजूनच पडत होते. मग हे जादा तेल कुठले? उस्तादाने गिअर ऑइलची पातळी पाहिली, ती उतरलेली. त्याने मागचा धूर हुंगला आणि मान हलविली. क्लचच्या बाजूचे ऑइल सील वयाने कडक झाले होते. गिअरचे तेल आत ओढले जाऊन जळत होते आणि प्लग माखत होता. सकाळी किक वाया जाण्याचे कारण हे.

राहिला आवाज. मी तो हँडलपाशी बसून ऐकला होता. उस्तादाने मोठा पेचकस इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली. मी मध्येच काही विचारले तर म्हणाला, “सर, इंजन बोलतंय, बोलू द्या त्याला.” मग एकेक आवाज त्याने वेगळा केला. थंडपणी खडखड आणि गरम झाल्यावर शांत, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किंचित सैल. धातू तापून फुगला की फट भरते. भार पडल्यावर खोल ठकठक होत असेल तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग. तेव्हा मात्र गाडी थांबवावी. एकसारखी घरघर क्रँकच्या बेअरिंगची. क्लच दाबताच बदलणारा आवाज क्लचचा. सांध्यातून फटफट आली तर सायलेन्सर. आणि पत्र्यावर हात दाबताच जो आवाज बंद होतो, तो इंजिनचा नव्हेच!

आमच्या स्कूटरची खडखड चार मिनिटांत विरली. भार दिला तरी ठकठक उमटली नाही. उरलेला किणकिणाट बाजूच्या सैल पत्र्याचा होता. इंजिन उघडून सील बदलले, प्लग नवा घातला, पत्रा आवळला. बोअरला हातही लावला नाही, आणि नोंदणीचे नूतनीकरण झाले.

विजेच्या गाड्या वाढतील, वाढाव्यातही; हवेला ते बरेच. पण पेचकसाची मूठ कानाशी धरून निदान करणारी पिढी मात्र आता थकत चालली आहे. तुमच्या दारातही एखादी जुनी स्कूटर असेल तर तिला भंगारवाल्याकडे नेण्यापूर्वी अशा एखाद्या उस्तादाकडे न्या. नेताना ती रात्रभर थंड झालेली असू द्या. गरम गाडी आपली अर्धी दुखणी लपविते.