मोटारगाडीचे आसन : सुखाचे आणि सुरक्षिततेचेही

मोटारगाडी विकत घेताना ग्राहक इंजिनाची शक्ती, इंधनाचा खर्च आणि गाडीचा रंग यांची बारकाईने चौकशी करतो. आसनावर मात्र एकदा हात फिरवला, थोडे बसून पाहिले, की त्याचे समाधान होते. वस्तुतः प्रवासाच्या संपूर्ण काळात माणसाचे शरीर गाडीच्या ज्या भागाला सतत टेकलेले असते, तो भाग म्हणजे आसन. रस्त्याचा धक्का त्यातूनच कण्यापर्यंत पोहोचतो आणि अपघाताच्या क्षणी शरीराला जागेवर धरून ठेवण्याचे कामही सुरक्षा पट्ट्याच्या जोडीने आसनच करते. म्हणून आसनाकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे योग्य नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगेच्या खोऱ्यातील बाजारपेठेचे शहर. निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या मार्गावरील या भागात उसाचे ट्रॅक्टर, एस. टी. बसगाड्या, मालवाहू टेम्पो आणि खाजगी मोटारी यांची ये-जा असते. अशा गाड्यांची आसने फाटली, दबली किंवा मालकाला नवी शोभा हवीशी वाटली, की त्या कुशनच्या दुकानात येतात. कारखान्यात शेकडो चाचण्यांतून पार पडलेल्या आसनावर अखेरचा हात फिरतो तो या कारागिराचा. त्याला आसनाची रचना किती ठाऊक आहे, यावर प्रवाशांची सुरक्षितता बऱ्याच अंशी अवलंबून असते.

बग्गीपासून मोटारीपर्यंत

मोटारीच्या आसनाचा वंश घोड्याच्या बग्गीपर्यंत जातो. पहिल्या मोटारींची आसने बग्गीचे कारागीरच बनवीत. लाकडी चौकट, त्यावर तारेच्या स्प्रिंगा, त्यांवर घोड्याच्या केसांचा भराव आणि सर्वांवर ताणून बसविलेले कातडे, अशी त्यांची घडण असे. कोल्हापूरच्या दसरा सोहळ्यात दिसणारी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार अनेकांनी पाहिली असेल. ती त्या काळाची आठवण करून देते.

पुढे भरावाची जागा काथ्याने आणि रबराच्या चिकाने बांधलेल्या काथ्याच्या गाद्यांनी घेतली. १९२९ च्या सुमारास डनलॉप कंपनीच्या संशोधकांनी रबराच्या चिकापासून फेसाळ गादी तयार केली. १९३७ साली जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ शोधून काढला. त्यापासून बनणारा मऊ फोम १९५० नंतर सर्वत्र पसरला आणि आज मोटारीची बहुतेक आसने त्याचीच असतात.

आच्छादनातही असाच बदल झाला. कातडे महाग असल्याने कापडावर रासायनिक लेप चढवून त्याला कातड्याचे रूप देण्यात येऊ लागले. आपण सर्रास वापरतो तो 'रेक्झिन' हा शब्द मुळात इंग्लंडमधील अशाच एका कापडाचे व्यापारी नाव होते. नंतर या लेपाची जागा पी. व्ही. सी.ने घेतली, तरी नाव मात्र तेच राहिले. महाराष्ट्रात भोर इंडस्ट्रीज या कंपनीने असे पी. व्ही. सी.चे कापड दीर्घकाळ तयार केले.

आसनाची घडण

आजच्या आसनाचे चार मुख्य भाग पडतात : सांगाडा, लवचिक आधार, फोम आणि आच्छादन.

सांगाडा पोलादी नळ्यांचा व दाबयंत्रावर घडविलेल्या पत्र्याचा असतो. आसन पुढे-मागे सरकविणाऱ्या पट्ट्या आणि पाठ कलती करणारे यंत्र त्यालाच जोडलेले असते. मागून धडक बसली तर माणसाचे सारे वजन पाठीच्या सांगाड्यावर येते. म्हणून तो किती वाकावा आणि कोठे तुटू नये, हे गणिताने ठरविलेले असते. सांगाड्यात ताणलेल्या नागमोडी तारा वजन पेलतात आणि त्यांवर फोमची गादी बसते.

हा फोम मोठ्या ठोकळ्यातून कापलेला नसतो. दोन द्रव रसायने मोजून एकत्र केली जातात आणि आसनाच्या आकाराच्या साच्यात ओतली जातात. त्यांच्या अभिक्रियेत कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे बुडबुडे निर्माण होतात, मिश्रण फुगते आणि काही मिनिटांत साचा भरून घट्ट होते. बाहेर काढल्यावर गादी रुळांतून दाबतात. त्यामुळे आतील बंद पेशी फुटून हवा खेळती होते. एकाच गादीत मांडीखालचा भाग मऊ व कडेचा उंचवटा टणक ठेवता येतो.

फोमच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. घनता आणि टणकपणा हे दोन निराळे गुण आहेत. घनता म्हणजे एका घनमीटरमधील वजन. त्यावर गादी किती वर्षे टिकेल हे ठरते. टणकपणा म्हणजे ती दाबण्यास लागणारा जोर. कमी घनतेचा फोमही हाताला टणक लागू शकतो, परंतु थोड्याच काळात तो दबून त्याचा चोथा होतो. ग्राहकाने फोम केवळ चिमटीत दाबून न पाहता त्याची घनता विचारावी.

आच्छादनाची निवड

मोटारीतील आच्छादनाला घरातील सोफ्यापेक्षा कितीतरी खडतर परीक्षा द्यावी लागते. उन्हाळ्यात बंद काचांच्या गाडीत आतील पृष्ठभाग हात लावू न देण्याइतके तापतात. घाम, धूळ, तेल आणि चढ-उतारीचे सततचे घर्षण हे निराळेच.

कारखान्यात वापरले जाणारे कापड बहुधा पॉलिस्टरचे असते. त्याच्या पाठीला काही मिलिमीटर जाडीचा फोमचा थर आणि त्याखाली पातळ जाळी चिकटविलेली असते. या तीन थरांमुळे कापडाला सुरकुत्या पडत नाहीत आणि शिवण उठून दिसते. रेक्झिन स्वस्त व पुसण्यास सोपे असते, पण त्यातून हवा जात नाही. शिवाय त्याला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जाते आणि मग ते कडक होऊन तडकते.

कोल्हापूर म्हटले की कातड्याची आठवण होणे साहजिक आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले, जाड व ताठ असते. आसनासाठी पातळ व लवचिक कातडे लागते. ते बहुधा क्रोम क्षारांनी कमावून, ऊन व घर्षण सोसण्यासाठी त्यावर संरक्षक लेप दिलेला असतो. तेव्हा चपलेचे कातडे आसनावर चालणार नाही. चर्मकाराच्या हातातील कातडे ओळखण्याचे, कापण्याचे व टाका घालण्याचे कौशल्य मात्र या नव्या कामात निश्चितच उपयोगी पडेल.

फर्मा, कात्री आणि शिवण

चांगल्या कव्हराचे मर्म फर्म्यात असते. आसनाचा आकार कोठेही सपाट नसतो, कापड मात्र सपाट असते. म्हणून वक्र पृष्ठभागाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकाचा पुठ्ठ्याचा फर्मा करावा लागतो. जुन्या कव्हराची शिवण उसवून तुकडे सपाट करणे ही फर्मा मिळविण्याची सर्वांत खात्रीची रीत होय. मात्र जुने कापड ताणले गेलेले असते, याचे भान ठेवावे लागते. कापडाच्या उभ्या-आडव्या ताणाची दिशा प्रत्येक तुकड्यावर खुणेने दाखविली नाही, तर डावे व उजवे आसन वेगवेगळे दिसू लागते.

शिवणकामाला कपडे शिवण्याचे साधे यंत्र पुरत नाही. फोम व रेक्झिनचे थर एकावर एक सरकतात. म्हणून सुई व दाबपट्टी दोन्ही कापडाबरोबर पुढे सरकणारे यंत्र वापरतात. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा घामाने व उन्हाने कुजतो. टाके फार बारीक घातल्याने शिवण मजबूत होते, ही समजूतही खरी नाही. रेक्झिन व कातडे यांत सुईचे भोक कायमचे राहते. भोके जवळजवळ पडली, तर टपालाच्या तिकिटाप्रमाणे त्याच रेषेवर ते फाटते.

जेथे चूक जिवावर बेतते

शोभेच्या कव्हरामुळे सुरक्षिततेला बाध येऊ शकतो, हे अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाही. अनेक नव्या गाड्यांत बाजूच्या धडकेपासून संरक्षण देणारी हवेची पिशवी, म्हणजेच एअरबॅग, आसनाच्या पाठीच्या दाराकडील कडेत बसविलेली असते. धडक बसताच ती सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या हिशेबात फुगते. तिला वाट मिळावी म्हणून कारखान्यात त्या जागेची शिवण मुद्दाम ठरावीक ताणाला उसवेल अशी घालतात. त्यावर जाड रेक्झिनचे कव्हर घट्ट ताणले, तर पिशवी वेळेवर बाहेर येत नाही किंवा भलत्याच दिशेने येते. आसनाच्या कडेला एअरबॅगची खूण असेल, तर ती बाजू मोकळी ठेवावी किंवा त्या विशिष्ट आसनासाठी चाचणी झालेलेच कव्हर घालावे.

दुसरी गोष्ट बैठकीच्या उंचीची. पुष्कळदा ग्राहक मऊपणासाठी फोमचा जादा थर मागतो. बैठकीचा पुढचा भाग कारखान्यात मुद्दाम उंच व टणक ठेवलेला असतो. अपघातात शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू नये, हा त्याचा हेतू. तेथे मऊ थर घातला की तो हेतूच फोल ठरतो. शिवाय माणूस वर उचलला गेल्याने डोक्याचा आधार मानेपाशी येतो आणि मागून धडक बसल्यास मान मागे मोडण्याचा धोका वाढतो. या आधाराचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या जवळपास असावा, असा साधा नियम आहे.

मागील आसनावर कव्हर घालताना पट्ट्याची कुलपे कापडाखाली दडपली जाणे हा नित्याचा अनुभव आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. या घटनेनंतर मागील पट्ट्याचे महत्त्व देशभर चर्चिले गेले. ज्या कारागिराने कुलपासाठी योग्य जागी चीर ठेवली, त्याने एक जीव वाचविण्याची सोय केली, असेच म्हटले पाहिजे.

आगीचा विचारही आवश्यक आहे. पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असे विषारी वायू निघतात. अमेरिकेतील नियमानुसार वाहनाच्या आतील सामग्रीवर ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. भारतीय मानक संस्थेनेही अशा सामग्रीच्या ज्वलनशीलतेसाठी मानक ठरविले असून, वाहनांच्या चाचण्या करणारी ए. आर. ए. आय. ही संस्था पुण्यात १९६६ पासून कार्यरत आहे. बाजारातील स्वस्त स्पंज या कसोटीला उतरेलच असे नाही.

ट्रॅक्टरचालकाची पाठ

ऊस भागात आसनाचा प्रश्न केवळ मोटारीपुरता नाही. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणारे उभे कंपन सर्वांत अधिक जाणवते. शेतातील व कच्च्या रस्त्यावरील ट्रॅक्टरची कंपने याच्या आसपासची असतात. तासन् तास ट्रॅक्टर चालविणाऱ्यांना कंबरदुखी जडते, ती यामुळेच. ट्रॅक्टरच्या बैठकीवर नुसती गोणपाटाची घडी टाकून भागत नाही. आसनाखालची स्प्रिंग व धक्के शोषणारा दांडा चालू स्थितीत आहे ना, हे आधी पाहावे आणि मगच चांगल्या घनतेचा फोम घालावा.

ग्रामीण उद्योगाला वाव

संपूर्ण आसने बनविणारे मोठे कारखाने मोटार कारखान्यांच्या शेजारीच उभे राहतात. आसन आकाराने अवजड असल्याने दूरवरून आणणे परवडत नाही आणि गाड्या ज्या क्रमाने जुळणीला येतात त्याच क्रमाने आसने पोहोचवावी लागतात. पुणे-चाकण व गुरुग्राम येथील कारखान्यांचे स्थान या कारणाने ठरले. शिवलेली कव्हरे मात्र वजनाला हलकी असून घडी घालून कोठेही पाठविता येतात. त्यांत यंत्रापेक्षा हाताचे काम अधिक. मुरगूडसारख्या शहरातील स्त्री-पुरुषांना हा उद्योग करता येण्याजोगा आहे. शेजारी इचलकरंजीला कापडाची, तर कोल्हापूरला यंत्रकामाची परंपरा आहे.

यासाठी शासकीय साहाय्यही उपलब्ध आहे. २०१९ पासून राबविण्यात येणाऱ्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपी व चर्मकार यांचा समावेश असून, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद तीत आहे. १९७४ साली स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळही चर्मकार समाजासाठी योजना राबविते.

मात्र यंत्र व भांडवल यांच्या आधी ज्ञान हवे. एअरबॅग कोठे आहे, पट्टा कोठून जातो, फोम किती घनतेचा आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक कारागिराने काम हाती घेण्यापूर्वी स्वतःला विचारावेत आणि प्रत्येक ग्राहकाने ते कारागिराला विचारावेत. तसे झाले तर गावच्या दुकानात शिवलेले कव्हर शोभेबरोबर सुरक्षिततेचीही हमी देईल आणि या व्यवसायाला त्याची योग्य प्रतिष्ठा लाभेल.