लाकडी माशाची किंमत

आमचे अण्णा भंगाराचा धंदा करतात. ही गोष्ट कॉलेजात सांगायला पहिले वर्षभर मला संकोच वाटत होता. यंदा वाटत नाही, आणि या लेखाला तर ती सांगितल्यावाचून सुरुवातच होत नाही. सकाळी अण्णा टेम्पो घेऊन गडमुडशिंगीहून कोल्हापुरात जातात, संध्याकाळी रद्दी, पत्रा, पितळ, तांबे घेऊन परततात आणि रात्री अभ्यास झाल्यावर मी तो माल निवडते. गेल्या दिवाळीच्या आधी त्या मालात एक पत्र्याचा डबा आला. एका जुन्या बंगल्याची माडी रिकामी करताना तिथल्या आजींनी तो वजनावर घातला होता.

डब्यात तांब्यापितळेचे चार चमचे होते, पण बिनदांड्याचे, आणि प्रत्येकाच्या टोकाला तीन तोंडांचा गळ. शिवाय एका जीर्ण पुठ्ठ्याच्या खोक्यात एक लाकडी मासा होता : चार बोटे लांब, हिरवट पाठ, पांढरे पोट आणि काचेचे डोळे. आम्ही काय केले ते आधीच सांगून टाकते. चमचे मी चिंच आणि राखेने घासून लखलखीत केले. माशाचे गंजके गळ धाकट्या भावाने पक्कडीने उपटले. खोके आईने बंबात घातले. वस्तू सुधारली असेच आम्हा सर्वांना वाटले.

या वस्तूंना इंग्रजीत ‘ल्युअर’ म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही. ‘फसवे आमिष’ म्हटले तर चालेल. आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, मरळीसाठी पोरे जिवंत बेडूक लावतात. फसव्या आमिषात खाण्यासारखे काहीच नसते. असते ती केवळ हालचाल. दुसरे मासे खाऊन जगणारा मासा सगळ्या थव्यामागे धावत नाही, थव्यात जो लंगडतो त्याच्यावर झडप घालतो. पाण्यातून ओढला की चमचा गिरक्या घेत चमकतो, लाकडी मासा अडखळत पोहतो, आणि शिकारी मासा फसतो. चमचेगिरीचा हा प्रकार आमच्या वर्गातल्या काही मित्रांना नव्याने समजावून सांगावा लागणार नाही.

चमच्याचे पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये घेतले. जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशाने तो गिळला, त्यावरून त्याला ही युक्ती सुचली अशी आख्यायिका आहे. जेम्स हेडन हा मिशिगनमधला मधमाश्या पाळणारा गृहस्थ. त्याने लाकडाचा बेडूक कोरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या घराण्याचा कारखाना उभा राहिला. फिनलंडच्या लौरी रापाला याची हकीगत मला सर्वांत आवडते. तो गरीब कोळी होता. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटचा चकाकता कागद चिकटवला आणि लाखेसाठी पैसे नव्हते म्हणून फोटोच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. थोडक्यात, भंगारातूनच.

आपल्या देशात या वस्तू आल्या त्या मुख्यतः महसीर माशासाठी. दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये केले. त्याने पाहिलेला मासा पुण्याच्या मुळा-मुठेतला होता आणि ‘खुद्री’ हे नाव त्याने इथल्याच लोकांच्या तोंडून उचलले. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले, त्यातही महसीर भरपूर आहे. इंग्लंडच्या हार्डी कंपनीचा माल साहेबलोक आणि संस्थानिक मागवत. तो त्यांच्या माड्यांवर राहिला आणि नातवंडांच्या काळात वजनावर गेला. असे किती डबे आमच्यासारख्यांच्या हातून भट्टीत गेले असतील!

आता किमतीकडे वळते. अमेरिकेत जुनी आमिषे जमवणाऱ्यांचा राष्ट्रीय क्लब १९७६ पासून आहे. तिथे प्रत्येक वस्तूच्या स्थितीला १ ते १० असे गुण देतात, आणि पैकीच्या पैकी गुण न वापरलेल्या व मूळ खोक्यासह असलेल्या वस्तूलाच मिळतात. खोके! पुठ्ठा कोण जपतो? मासा टिकतो, पुठ्ठा टिकत नाही. म्हणून काही आमिषांच्या बाबतीत रिकामे खोकेसुद्धा चांगल्या भावाने जाते. हे वाचले त्या दिवशी आईला सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला.

पाहणारा प्रथम कारखान्याचा ठसा पाहतो, मग डोळे पाहतो. जुन्या लाकडी माशांना काचेचे डोळे बसवीत, पुढे रंगाचे ठिपके आले. गळ कसा अडकवला आहे, स्क्रूखाली वाटी आहे की नुसती कडी, यावरूनही काळ ठरतो, कारण कारखाने ही जोडणी मधूनमधून बदलत. खऱ्या जुन्या माशाच्या पोटावर गळ घासून उमटलेली कमानीसारखी रेघ असते आणि व्हार्निशला बारीक तडे गेलेले असतात. नकली मालात रेघ, तडे आणि गंज यांचा मेळ बसत नाही. म्हणून गंजका गळ हासुद्धा पुरावा असतो, आणि तोच आम्ही पक्कडीने काढला होता. धातूच्या आमिषावर चढलेला काळपट थर हे त्याचे वय. तो घासला की वय गेले. माझ्या एका चमच्यावर ठसा होता. आता त्याची शेवटची दोनच अक्षरे बोटाला लागतात. पुन्हा रंग दिलेल्या वस्तूकडे तर संग्राहक पाठच फिरवतात. आमच्या घरी जुन्या वस्तूला मान द्यायचा म्हणजे घासून चकाकवायची. तिथे मान द्यायचा म्हणजे हात लावायचा नाही. यातले एक बरोबर आणि दुसरे चूक असे मी म्हणणार नाही. पाणी भरायची घागर घासलीच पाहिजे.

सर्वांत मोठ्या किमतीचे उदाहरण रायली हॅस्केल याच्या माशाचे. ओहायोमधल्या या माणसाने १८५९ मध्ये तांब्याच्या माशाचे पेटंट घेतले. त्याचा सुमारे दहा इंची एक मोठा नमुना २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने पंचेचाळीस लाख रुपयांच्या वर गेला. हा आकडा मी घरात वाचून दाखवला आणि चूक केली. दोन दिवस कोणाला जेवण गोड लागले नाही. खरे म्हणजे अशा वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. कारखान्यात ढिगांनी निघालेली आमिषे जुनी असूनही स्वस्त असतात. नुसते वय म्हणजे किंमत नव्हे.

आळीतल्या लोकांनी मात्र डब्याला लगेच इतिहास जोडला. एक काका म्हणाले, “छत्रपतींच्या शिकारखान्यातला असणार.” दुसरे म्हणाले, “न्हाई, वळिवड्याच्या पोलंडवाल्यांचा.” आमच्या शेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची, त्याच जागी पुढे सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसले. दोन्ही कथा ऐकायला झकास, पण संग्राहक कागद मागतो : पावती, फोटो, निदान मालकाच्या हातची चिठ्ठी. कागदाशिवाय कथेला भाव नाही.

कागद मिळाला तर बंगल्यातच मिळणार होता. तिथे जायला अण्णा आधी तयार नव्हते. “वजनानं घेतलं, वजनानं पैसं दिलं. ह्यात आपली काय चोरी?” त्यांचे चूक नव्हते. पण मासा काय आहे हे आम्हाला आता कळले होते आणि आजींना ठाऊक नव्हते, एवढे मला खुपत होते. तिसऱ्या रविवारी तेच म्हणाले, “चल, घे तो डबा.”

आजींनी मासा तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारले, “याचं खोकं कुठाय गं? त्यावर मामंजींनी तारीख घातली होती.”

आम्ही दोघे गप्प बसलो. मग मी खरे ते सांगितले. आजी रागावल्या नाहीत, चहा ठेवला. मासा त्यांनी ठेवून घेतला आणि अण्णा नको नको म्हणत असताना त्याचे पैसे मोजून दिले. चमचे मला राहू दिले. सासरे कोठे मासे धरायला जात, सोबत कोण असे, मासा मुंबईहून कोणी आणला, हे त्यांना जेवढे आठवले तेवढे मी वहीच्या पानावर दोनदा उतरवले आणि खाली त्या दिवसाची तारीख घालून त्यांची सही घेतली. एक प्रत माशापाशी आहे, दुसरी माझ्याकडे.