तिरुपूरचे मीठ आणि आमचा धूर

पर्यावरणाचा विषय निघाला की कापड बाजारात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, कारखाने बंद करा. दुसरा विचारतो, मग मजुराने खायचे काय? हा वाद तामिळनाडूतील तिरुपूरमध्ये कुठवर गेला, ते भिवंडी-मालेगावच्या आपल्या बांधवांनी जाणून घ्यावे.

तिरुपूर हे होजिअरीचे गाव. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालावे लागते. रंग कापडावर राहतो, मीठ मात्र जवळजवळ सगळे सांडपाण्यात जाते. ते नोय्यल नदीत गेले. शेतीसाठी बांधलेल्या ओरतुपाळयम धरणात हेच पाणी साठले, विहिरी खारावल्या आणि शेतकरी कोर्टात गेले. 1990 च्या दशकात सामायिक शुद्धीकरण प्रकल्प उभे राहिले. त्यांनी रंग काढला, विरघळलेले मीठ तसेच राहिले. मुदतीवर मुदत मिळत गेली. अखेर 28 जानेवारी 2011 रोजी मद्रास हायकोर्टाने 700 हून अधिक डाईंग-ब्लीचिंग युनिटे बंद करण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्याची जमीन आधीच गेली होती, आता मजुराची रोजीही गेली.

पुढे राज्य सरकारने 200 कोटींचे बिनव्याजी कर्ज दिले. पाणी आणि मीठ परत वापरण्याची यंत्रणा बसली, कामे हळूहळू सुरू झाली. खर्च मात्र भारी. मीठ वेगळे करायचे तर शेवटी पाणी आटवावे लागते, त्याला इंधन लागतेच.

आमच्याकडे तक्रार आहे सायझिंगच्या धुराची. बॉयलरमध्ये स्वस्त पडतो म्हणून प्लॅस्टिकचा कचरा जाळला जातो, असे लोक सांगतात. तो धूर माग चालवणाऱ्याच्याच मोहल्ल्यात उतरतो. नुसत्या दंडाने हे थांबेल असे आम्हाला वाटत नाही. एकाने चांगले इंधन वापरले तर शेजारचा कचरा जाळून मजुरीचा दर पाडणार, आणि आम्ही व्यापारी त्याच्याकडेच जाणार! म्हणून नियम सगळ्या सायझिंगना एकाच दिवसापासून लागू व्हावा. इंधनाचा जादा खर्च किलोच्या मजुरीत उघड दाखवावा आणि कापड घेणाऱ्यांनी तो घासाघीस न करता द्यावा. बॉयलर बदलण्याची रक्कम मात्र लहान सायझिंगवाल्याच्या खिशातली नाही. तिथे तिरुपूरसारखे बिनव्याजी कर्ज मागावे लागेल, आणि ते बंदीचा हुकूम येण्याआधी.