कीचकवध : विराटनगरीपासून सांगलीपर्यंत

कोयनानगरच्या धरणाखालून निघालेली कोयना कऱ्हाडास ज्या कृष्णेला मिळते, ती वाईहून येते व पुढे सांगलीस जाते. आणि ही वाई म्हणजेच पांडवांच्या अज्ञातवासातील विराटनगरी, अशी श्रद्धा या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली असून (विद्वान मात्र राजस्थानातील बैराटकडे बोट दाखवितात) गावाजवळच्या दुर्गाचे नावही पांडवगड असेच आहे.

याच विराटनगरीत घडलेली विराटपर्वातील कीचकवधाची कथा सुडाची खरी, परंतु शोकाचे इतके भीषण रूप महाभारतातही विरळाच: नर्तनशाळेत भीमाने हातपाय धडात कोंबून ज्याचा मांसगोळा केला, त्या विराटराजाच्या सेनापती कीचकाचे कलेवर पाहून आक्रोश करणाऱ्या त्याच्या बांधवांनी, विराटाची अनुज्ञा मिळवून, सैरंध्रीला, म्हणजे अज्ञातवासातील द्रौपदीला, प्रेतासमवेत जाळण्याकरिता स्मशानाकडे नेले, तेव्हा भीमाने वृक्ष उपटून त्या १०५ जणांचा संहार केला. सेनापती मेल्याची वार्ता फुटताच त्रिगर्तांचा सुशर्मा विराटाचे गोधन लुटावयास चालून आला.

सांगलीत १८७२ साली जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच कथेवर रचलेले ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल ओळखले. पण नाटकाचे मर्म, माझ्या मते, भरदरबारात लाथ खाऊन दाद मागणाऱ्या आणि फिर्याद निष्फळ ठरलेल्या द्रौपदीत आहे, कारण पारतंत्र्यातील देशाचे दुःख तिच्याच मुखाने बोलले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.