गुडघ्यात पाणी, पण मार नाही
लेखमाला : आतलं चित्र (लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण गादी आणि लिगामेंटच्या दुखापती पाहिल्या. कोल्हापुरात गुडघा सुजला की संशय आधी तिकडेच जातो. खासबागेच्या हौद्यात किंवा शाहू स्टेडियमवरच्या सामन्यात गुडघा पिरगळणं इथं नवं नाही. ‘पाणी झालंय, उतरेल’ म्हणत मालिश, लेप आणि पट्टा यांत महिने निघून जातात. पण मार लागल्याचं आठवत नसेल, एकच गुडघा सुजत असेल आणि काढलेलं पाणी पुन्हा भरत असेल, तर सांध्याच्या आतल्या अस्तराकडे पाहायला हवं. या अस्तराचे काही आजार क्वचितच आढळतात, म्हणूनच ते निसटतात.

सुरुवात साध्या एक्स-रेनेच करावी. सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस या आजारात अस्तरात कूर्चेच्या गुठळ्या तयार होतात आणि सुटून सांध्यात फिरतात. त्यांच्यात कॅल्शियम साचलं असेल तर त्या एक्स-रेवर ज्वारीच्या दाण्यांसारख्या दिसतात. साचलं नसेल तर मात्र एमआरआयच लागतो.

एमआरआयचं बळ असं, की एकाच भागाचे वेगवेगळ्या पद्धतींनी फोटो घेता येतात. लायपोमा अर्बोरेसन्समध्ये अस्तरात चरबीचे झुपके वाढतात, बहुधा वाटीच्या वरच्या कप्प्यात. चरबी नेहमीच्या फोटोत पांढरी दिसते आणि चरबीचा सिग्नल दाबणाऱ्या फोटोत काळी पडते. झुपके दोन्हीकडे तसेच वागले की निदान जवळपास पक्कं होतं, तुकडा काढून तपासण्याची गरज सहसा उरत नाही.

पूर्वी पीव्हीएनएस म्हणत त्या टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमरची खूण निराळी. या गाठीत वारंवार थोडा रक्तस्राव होतो आणि रक्तातलं लोह अस्तरात साठतं. लोह भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतं, त्यामुळे ग्रेडियंट एको पद्धतीच्या फोटोत तो भाग काळा, शिवाय आहे त्याहून मोठा दिसतो. पण हिमोफिलियाच्या रुग्णाच्या गुडघ्यातही असंच लोह साठतं. म्हणून जखमेचं रक्त लवकर थांबतं का, हा प्रश्न फोटोइतकाच महत्त्वाचा. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते, पण पसरलेल्या प्रकारात काढल्यावरही पुन्हा उद्भवू शकते.

आपल्याकडे मात्र या सगळ्यांआधी क्षयरोग आठवायला हवा. सांध्याजवळची हाडं विरळ होणं, त्यांच्या कडा झिजणं आणि सांध्यातली फट हळूहळू अरुंद होणं ही त्याची एक्स-रेवरची त्रयी. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी गुडघ्यात क्षय असू शकतो. इथं एमआरआय संशय बळकट करतो, पण पक्कं निदान होतं ते अस्तराचा तुकडा, कल्चर आणि सीबीनॅट तपासणी यांवरूनच.

म्हणून वाचकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. राधानगरीहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जा किंवा खासगी दवाखान्यात, नुसता रिपोर्टचा कागद नको. जुने एक्स-रे आणि एमआरआयची सीडी सोबत न्या. काढलेलं पाणी लालसर किंवा तपकिरी होतं का, ते डॉक्टरांना सांगा. आणि निदान होण्याआधी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. आत क्षय असेल तर तो बळावतो.

(पुढच्या आठवड्यात : खांद्याची सोनोग्राफी)